साडेसत्तावीस आटे

गणपती गेले की पनवेलच्या बाजारावर एक गप्पपणा उतरतो. मंडपांचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, फरशांवरचा गुलाल पुरता धुऊन गेलेला नसतो, आणि पितृपक्ष लागतो. या पंधरवड्यात कुणी नवी गाडी घेत नाही. शोरूममधली मुलं दारात उभी राहून रस्ता बघत बसतात. पण जुनी गाडी बंद पडायची ती पडतेच, तिला तिथी कळत नाही. त्यामुळे आमच्या दुकानात नेमकी याच दिवसांत वर्दळ वाढते. तेलकट हातांची माणसं येतात, फडक्यात गुंडाळलेला लोखंडाचा नाहीतर पितळेचा तुकडा काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "याला काय लागतं?"

परवा पुन्हा ते दिवस सुरू झाले. दुपारी पाऊस नव्हता आणि ऊनही धड नव्हतं. रस्त्यातून वाफ निघत होती. समोरच्या पत्र्यावर कावळे ओळीनं बसले होते, एकही ओरडत नव्हता. वीज गेली होती. दुकानात आत अंधार आणि दारात पांढराफटक उजेड. अशा उजेडात येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसता आकार दिसतो. तो आकार उंबऱ्यावर येऊन थांबला की अजूनही माझ्या मानेवर काटा येतो. दिवसाढवळ्या, भर बाजारात.

आमचं दुकान फिटिंग्जचं. इंजिनाला तेल, पाणी, डिझेल नेणाऱ्या नळ्या जिथं एकमेकींना भेटतात तिथले छोटे जोड आम्ही विकतो. जोड म्हटला की आटे आले. बोल्टवर, नळीच्या तोंडावर जी रेघ गोल गोल फिरत वर चढते, ते आटे. बाहेरचे आटे आतल्या आट्यांत बसले तर जोड पक्का, नाहीतर तेल गळणार आणि कधीतरी घाटात इंजिन जाम होणार. दिसायला सगळे आटे सारखेच. बाबांनी मला हे शिकवायला घेतलं तेव्हा काउंटरवर तीन निपल ओळीत ठेवले. निपल म्हणजे दोन्ही बाजूंनी आटे असलेली बोटाच्या पेराएवढी नळी. तिन्ही मला सारखेच वाटले. बाबा म्हणाले, "एक ब्रिटिश, एक अमेरिकन, एक मेट्रिक. जाडी जवळजवळ तीच. डोळ्यांवर जाऊ नकोस."

मग त्यांनी गेज काढलं. गेज म्हणजे लोखंडी पात्यांचा एक जुडगा, प्रत्येक पात्याला वेगळ्या मापाचे दात. पातं आट्यांवर टेकवायचं आणि उजेडाकडे धरायचं. दात आट्यांत बरोबर बसले तर मधून उजेड येत नाही. माप चुकलं असेल तर पहिल्या दोन-तीन दातांशी काही कळत नाही, पण पुढं पुढं उजेडाची बारीक फट उघडत जाते. ब्रिटिश निपलवर एका इंचात अठ्ठावीस आटे, अमेरिकनवर सत्तावीस. फरक एवढाच.

"चुकीचा लावला तर जातच नाही का आत?" मी विचारलं होतं.

"जातो ना. तीच तर पंचाईत. दोन आटे सगळेच आत घेतात. पुढं अडतो. अडल्यावर पान्यानं जोर लावला की दोघांचेही आटे मरतात."

त्या वेळी मी नवीन पनवेलमध्ये एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते. दुपारी बाबांचा डबा घेऊन दुकानात यायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत काउंटरवर बसायचे. हिराकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका दुपारी, अशाच दिवसांत.

दारात एक बाई उभी होती. उंच, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नऊवारीचा पदर खोचलेला. नेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिथल्या शेतकरी बायका आठवड्याच्या बाजाराला येतात तेव्हा त्यांच्याकडे पाट्या असतात, पिशव्या असतात. या बाईकडे काहीच नव्हतं. तिनं कमरेची चंची सोडली, त्यातून पितळेचा एक निपल काढला आणि काउंटरवर ठेवला.

"याचा जोड आला का, दादा?"

बाबांनी जेवण अर्धं टाकलं, हात धुतले. निपल घेऊन गेज लावलं, दाराशी जाऊन उजेडाकडे धरलं. व्हर्नियरनं जाडी मोजली. सगळं सावकाश, नव्या गिऱ्हाईकाचं करावं तसं. मग निपल तिच्या हातात परत देत म्हणाले, "नाही वहिनी. अजून नाही आला."

"बरं," ती म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

बाबा परत येऊन ताटावर बसले, पण जेवले नाहीत. मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. ही हिरा, दामोदरची बायको. दामोदर स्वतःची पांढरी गाडी भाड्यानं चालवायचा आणि गाडीचं सगळं काम स्वतःच्या हातानं करायचा. एकदा इंजिनावर तेलाच्या दाबाची नळी जिथं लागते तिथले आटे मेले. दुसऱ्या कुणी हाउसिंग, म्हणजे तो फिल्टर बसतो ते लोखंडी घरच, बदललं असतं. दामोदर आमच्या दुकानामागच्या खोलीत आला, कारण तिथं बाबांचं आटे पाडायचं जुनं लेथ मशीन होतं, आणि पितळेचा बुश स्वतः करायला बसला. बुश बाहेरून इंजिनात बसणार, आणि त्याच्या आतल्या आट्यांत निपल बसणार. पण लेथचा एक गिअर चुकला. इंचाला अठ्ठावीस नाही आणि सत्तावीसही नाही, मधलेच, साडेसत्तावीस आटे पडले.

"मी म्हटलं, टाकून दे, जगात कशाला लागणार नाही हा," बाबा म्हणाले. "तर हसला. म्हणे, जगाला कशाला लागायला हवा? मग त्याच चुकीच्या गिअरवर त्यानं दोन निपल केले. एक गाडीला लावला, एक घरी ठेवला. हरवला तर असावा म्हणून."

त्यानंतर एका पावसाळ्याच्या शेवटी दामोदर भाडं सोडायला म्हणून गाडी घेऊन गेला आणि आला नाही. गाडीही आली नाही. भाडं पोचलं होतं, माणूस परतला नव्हता. पोलिसांत तक्रार झाली, देवऋषी झाले. मग गावानं आपापल्या परीनं उत्तर शोधलं. कुणी म्हणालं, गाडी विकून आखातात गेला. कुणी म्हणालं, दुसरी बाई होती. कुणीतरी त्याला लांब कुठल्याशा ढाब्यावर पाहिलंही होतं. हिराकाकूंनी कुंकू पुसलं नाही. दरवर्षी पितृपक्षात घरात सासू-सासऱ्यांचं पान वाढलं जायचं, दिराच्या वारलेल्या मुलाचं वाढलं जायचं. दामोदरचं वाढायचं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जिवंत माणसाचं पान वाढणं म्हणजे त्याला मारणं, आणि मेलेल्याचं न वाढणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. या दोन पापांच्या मधे ती बाई उभी होती. म्हणून त्या दिवसांत घरात स्वयंपाक चालू झाला की ती उठायची आणि निपल घेऊन पनवेलला यायची.

"पण त्या निपलचा काय संबंध?" मी विचारलं.

"तिनं डोकं चालवलंय. गाडीचा रंग बदलता येतो, नंबर बदलता येतो, चोरलेली गाडी तुकडे करून विकता येते. पण तो बुश जगात एकच आहे. आणि जुन्या गाड्यांचे तुकडे फिरून फिरून या बाजारात येतात."

बाबांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, पण मला त्या दुपारी दुकानात बसवेना. वाटलं, कुठंतरी काळोखात एक पितळेचा तुकडा आहे आणि तो आपल्या दिशेनं येतोय. कुणाच्या हातातून, कुठल्या रस्त्यानं, ते माहीत नाही. पण येतोय.

बाबा गेले. शाळेतली नोकरी सोडून मी दुकान बघायला लागले. सुरुवातीला गिऱ्हाईकं माझ्या मागं बघायची, आत कुणी पुरुष आहे का म्हणून. मग सवय झाली त्यांना. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या पितृपक्षात हिराकाकू आल्या. भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि निपल माझ्यापुढं ठेवला. मी गेज लावलं. दाराशी जाऊन उजेडाकडे धरलं. पात्याच्या टोकाशी ती बारीक फट उघडली. इतक्या वर्षांच्या हाताळण्यानं निपल सोन्यासारखा झाला होता आणि मला तो गरम लागला. कमरेला असतो म्हणून असेल.

"नाही काकू. अजून नाही आला."

"बरं, बाय," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यावर थांबल्या. "यंदा पानी लवकर आटतंय. बगितलंस?"

पाऊस तर भरपूर झाला होता. गाढी नदी दुथडी वाहत होती.

भाद्रपदातल्या या दिवसांत नेऱ्याकडे गेलं की रान माणसाच्या उंचीचं झालेलं असतं. भात पोटरीत आलेलं, बांधावर तेरडा फुललेला, चतुर हवेत एका जागी थरथरत उभे. सगळं हिरवं, आणि त्या हिरव्याखाली काय आहे ते दिसत नाही. पायवाटेवर गवत वाकलेलं असतं आणि वाटतं, आत्ताच कुणीतरी इथून गेलं. डोंगरातल्या जुन्या दगडखाणी या दिवसांत काठोकाठ भरतात. पाणी इतकं स्थिर की वरचा डोंगर त्यात उलटा, जशाच्या तसा उभा असतो. तिकडच्या गावांना त्या खाणी म्हणजे तळीच. बायका धुणं धुतात, मुलं पोहतात, गणपती बुडवतात. मलाही त्या सुंदर वाटायच्या. आता वाटत नाहीत.

बाबा गेल्यानंतरचा दुसरा पितृपक्ष. इरफानभाई दुकानात आले. बाजारापलीकडे त्यांचं गॅरेज आहे, बाबांच्या वेळेपासूनचे ते आमचे गिऱ्हाईक. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा, बोलणं हळू. त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं.

"ताई, हे जरा बघा. ऑइल फिल्टरचं हाउसिंग आहे. जुन्या मॉडेलचं, नवीन मिळतच नाही आता. भंगारातून एक इंजिन उचललं मी, इंजिन तर खल्लास होतं, पण हे कामाचं निघालं. यात निपल मोडून बसला होता, तो काढला. आता दुसरा लागत नाही. ब्रिटिश लावला, अमेरिकन लावला, मेट्रिक लावला. दोन चुडी, दोन आटे जातो आणि अडतो. खुदा जाने कुणी बनवलंय."

त्यांनी गोणपाट उलगडलं. काळपट, ओलं, शेवाळाचे व्रण असलेलं ते हाउसिंग. त्याच्या बाजूला पितळेचा बुश.

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं. तरी मी सगळं नीट केलं, बाबा करायचे तसं. ब्रिटिश निपल हातानं फिरवून पाहिला, दोन आटे गेला आणि अडला. अमेरिकन तसाच. मग मी साबणाची वडी घेतली. आतल्या आट्यांवर गेज टेकत नाही, म्हणून साबणाची बारीक कांडी आत दाबून फिरवत काढायची, तिच्यावर आट्यांचा ठसा उठतो. तो ठसा घेऊन दाराशी गेले. अठ्ठावीसचं पातं लावलं. फट. सत्तावीसचं लावलं. दुसऱ्या बाजूला फट.

"ताई, काय झालं? बसा तुम्ही," इरफानभाई म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांनी हाउसिंगवरचा हात हळूच काढून घेतला. "हे इथंच ठेवा," ते म्हणाले. "माझ्यानं आता नाही नेववत."

आम्ही दोघांनी ते फडक्यानं कोरडं केलं. थोड्या वेळानं पाहिलं तर काउंटरवर पुन्हा पाणी होतं. आतल्या पोकळीत गाळ बसला असेल आणि तो हळूहळू पाणी सोडत असेल, एवढं मला समजत होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा पाणी काउंटरच्या कडेवरून खाली ठिबकत होतं आणि दुकानात खाणीतल्या पाण्याचा गार, दगडी वास भरला होता.

हिराकाकूंच्या मुलीचा, सुरेखाचा नंबर बाबांनी लिहून ठेवला होता. मी फोन लावला. सुरेखानं फोन आईकडे दिला. मी नुसतं "काकू, मी पनवेलहून" एवढंच म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "आला?"

त्या आणि सुरेखा आल्या तेव्हा इरफानभाईही येऊन बसले होते. काकूंनी हाउसिंगकडे पाहिलं आणि कुणाला काही न विचारता चंची सोडली. निपल बुशाच्या तोंडाशी धरला. दोन बोटांनी फिरवला.

एक आटा गेला. दुसरा गेला. आम्ही तिघंही श्वास धरून होतो. तिसरा गेला. कुठं खरखर नाही, कुठं अडकणं नाही. इतकी वर्षं पाण्यात पडलेलं पितळ आणि इतकी वर्षं कमरेला बांधलेलं पितळ, आणि मधे केसाचीही फट नाही. निपल शेवटपर्यंत गेला आणि थांबला. आणि त्याच्या वरच्या तोंडातून एक काळा थेंब वर आला, फुगला, आणि काकूंच्या बोटावर ओघळला.

पाणी नव्हतं. तेल होतं. आत कुठंतरी कोंडलेलं.

काकूंनी ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "त्यांच्या सदऱ्याला येच वास यायचा," त्या म्हणाल्या. मग इरफानभाईंकडे वळल्या. "कुठं गावला?"

इरफानभाईंनी खाली बघत सांगितलं. नेऱ्याच्या रस्त्याला भंगाराचं एक यार्ड आहे, तिथं. यार्डवाल्याकडे गाडी आली ती खाणीतून. डोंगराच्या वळणावरची जुनी खाण, तिथं आता इमारती होणार म्हणून पंप लावून उपसली. तळाला गाडी निघाली, आणि काम अडायला नको म्हणून ती कुणाला न कळवता रातोरात यार्डात आणून टाकली.

"वलनावरची खान?" काकू म्हणाल्या. "आमच्या गावची?"

"हां, आपा. तीच."

सुरेखानं तोंडावर पदर घेतला. काकू जे बोलल्या ते आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हतं. "तिथं मी धुनं धुवायची. त्यांचं पांगरून मी त्याच पान्यात धुतलंय. गनपती बी तिथंच बुडवायचो आमी."

त्या दुपारीच आम्ही निघालो, इरफानभाईंच्या गाडीतून. ऊन पडलं होतं, पण ते पावसाळी ऊन, सगळ्यावर पिवळा पडदा टाकल्यासारखं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच गवत, आणि वारा नसताना ते हलत होतं.

यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं शेत. दारं, बॉनेट, टायर यांचे ढीग. यार्डवाला पुढं आला, इरफानभाईंना ओळखून हसला, आणि मागं बायका पाहून त्याचं हसू थांबलं. त्याच्याशी इरफानभाई बोलले. तो घाबरला. "मला काय माहीत भाई? काचा बंद होत्या, आत गाळच गाळ. कोण साफ करणार म्हणून इंजिन तेवढं काढलं आणि बाकी तशीच ठेवली. हात पण नाही लावला मी."

कुंपणाच्या कडेला ती उभी होती. बॉनेट नाही, चाकं नाहीत, रंग असा उरलाच नव्हता. आत स्टिअरिंगच्या वरपर्यंत गाळ भरलेला, वाळून भेगा पडलेला. पुढची काच गाडी वर काढताना फुटली असावी, तिथून पाऊस आत गेला होता. आणि ड्रायव्हरच्या सीटच्या जागी, गाळातून, तेरडा उगवला होता. गुलाबी फुलांनी गच्च. बाजूच्या सीटवर एकही रोप नव्हतं.

काकूंनी चपला काढल्या. त्या ड्रायव्हरच्या बाजूनं गेल्या नाहीत. वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेल्या, दारावर हात ठेवला.

"मी हिकडं बसायची," त्या मला म्हणाल्या. मग वाकून, काचेला तोंड लावून, अगदी घरातल्या आवाजात बोलल्या, "येवढ्या जवळ व्हता व्हय?"

इरफानभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. यार्डवाल्यानं टोपी काढली होती. मला आठवतं, त्या वेळी रस्त्यावरून ट्रक जात असणार, कुठंतरी कुत्रं भुंकत असणार, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाण्यात डोकं बुडवल्यावर होतं तसं.

पोलीस आले. त्यांनी आम्हाला लांब उभं केलं आणि चादरी धरून गाळ हातानं काढला. मी पाहिलं नाही. काय सापडलं ते सुरेखानं मला पुढं सांगितलं आणि ते मी इथं लिहिणार नाही. एक हवालदार कागद घेऊन आला आणि त्यानं काकूंना बेपत्ता माणसाचं नाव विचारलं. सुरेखा सांगायला पुढं झाली तर काकूंनी तिला हातानं मागं केलं. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. वडलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, त्यांनी ते स्पष्ट उच्चारलं. लिहून झाल्यावर हवालदारानं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

परत येताना त्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाण कोरडी होती. खाली ट्रक राडारोडा ओतत होते. रस्त्याच्या त्या कडेला तेव्हाही कठडा नव्हता, आजही नाही. तिथून पलीकडे, हाकेच्या अंतरावर, काकूंच्या घराची कौलं दिसतात. तो घरी येत होता. ढाबे, आखात, दुसरी बाई, सगळं गावाच्या तोंडातच राहिलं आणि गाडी इथं, पाण्याखाली, घराकडे तोंड करून उभी होती. काकूंनी ती कौलं पाहिली, खाण पाहिली आणि म्हणाल्या, "चला. सांज व्हायच्या आत जावा तुमी."

पोलिसांचा तपासणीचा कागद यायला वेळ लागणार होता. दीर म्हणाला, वहिनी, कागद येऊ द्या, मग काय ते विधी करू, पुढच्या वर्षी पान वाढू. काकू म्हणाल्या, "कागद त्यांना पायजे. माजं मला कललंय." सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्या दिवशी, त्यांनी मला आणि इरफानभाईंना जेवायला बोलावलं. इरफानभाई येतील का असं मला वाटलं होतं. ते धुतलेला पठाणी घालून, डोक्यावर टोपी घालून आले आणि ओटीवर एका बाजूला बसले.

कधी कधी मी विचार करते, की बाबांनी त्या बाईला एकदा तरी समजावलं का नाही. वहिनी, सोडा हे, असला योग येत नाही, असं. दरवर्षी गेज लावून उजेडाकडे धरत राहिले. त्यांना खात्री होती की नुसती दया होती, हे आता विचारता येत नाही. पण खात्री नसतानाही त्यांनी माप कधी घाईनं घेतलं नाही, एवढं मी पाहिलंय. आणि मला वाटतं, तिला त्या मोजण्याचाच आधार होता. बाकी सगळं जग तिला अंदाज सांगत होतं.

त्या दिवशी परसात, केळीच्या बुंध्याशी, पानं मांडली. सासूचं, सासऱ्याचं, दिराच्या मुलाचं. मग शेवटचं पान काकूंनी स्वतः वाढलं. भात, वरण, तांदळाचे वडे, भोपळ्याची भाजी, खीर. आणि पानाच्या कडेला भाजलेली सुकट. दीर म्हणाला, "वहिनी, पितरांच्या पानावर सुकट?"

"त्यांना तिच्याबिगर जेवन जात नाय," काकू म्हणाल्या.

पानाभोवती पाणी फिरवून त्या उठल्या. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, कौलांवरचे कावळे केव्हा उतरतात ते बघत. काकू म्हणाल्या, "तोंडं फिरवा सगल्यांनी. जेवताना कोन बगत बसलेलं त्यांना आवडत नाय."

आम्ही वळलो. मोठी माणसं, मुलं, इरफानभाई, सगळे घराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. समोर उन्हात आमच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. परसात वारा नव्हता. कावळा ओरडला नाही, पंख वाजले नाहीत. थोड्या वेळानं मागं केळीचं पान हललं. ओल्या पानावर बोट फिरावं तसा बारीक आवाज. मग पुन्हा. सुरेखानं माझा हात घट्ट धरला. तिचा हात गार होता.

मागं कावळा असेल, मांजर असेल. मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणीही वळून पाहिलं नाही. काकू माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून ताठ उभ्या होत्या, डोळे मिटलेले. तो आवाज चालू असताना त्या एकदाच बोलल्या, पंगतीत वाढणारी बाई म्हणते तसं.

"सावकाश होऊ द्या."